चार डॉलर दहा

हेवरिलच्या वाचनालयात, तळघरात,
दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही सहा जण जमतो
आणि ज्यांना आमचं नावही ठाऊक नाही
अशा कंपन्यांचं भवितव्य ठरवतो.

आज टॅनब्रूक.
नदीपल्याड, जिथे पूर्वी बूट शिवायचे
तिथे आता नेटवर्कचे स्विच जोडतात.
दोनशे दहा माणसं, एक कॅन्टीन,
शेअर चार डॉलर दहा सेंट.

लेनर्ड कोवाल्चिक टेलिफोन कंपनीतून निवृत्त,
खांबांवर चढून चढून गुडघे गेलेले.
त्याने नऊला घेतला, सहाला घेतला,
चारला परत घेतला.
सरासरी खाली येतेय, म्हणतो.
आमच्याकडे याला बुडत्याचा पाय खोलात म्हणतात,
पण ते इंग्रजीत नीट बसेना,
मी त्याच्या कपात कॉफी ओतली.

'गावोगाव फायबर घालायचंय सरकारला.
पेट्या लागणारच. कुणाच्या तरी लागणारच ना?'
'कुणाच्या तरी,' डोरीन फेक्टो चष्म्यावरून म्हणाली.
ती चर्चचे हिशेब ठेवते, मेणबत्त्यांसकट.
तिच्या ताळेबंदावर पिवळं पेन इतकं फिरलेलं
की जे पांढरं उरलंय तेच महत्त्वाचं असावं.
'गोदामातला माल एकतीस टक्के वाढलाय, विक्री दोन.
आणि निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकाला,
ज्याचं नाव तळटीपेतसुद्धा नाही.'

टियागो मेदेइरोस, आमच्यात धाकटा,
स्वतः जाऊन गाड्या मोजून आलेला.
'शनिवारी सकाळी एक्केचाळीस. म्हणजे ओव्हरटाइम.'
'वरच्या मजल्यावर झुंबा असतो शनिवारी,'
मिसेस अबर्नाथी हळूच म्हणाल्या.
'मी जाते.'

हसू ओसरलं तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.
शाळेचं नेटवर्क मी सांभाळते.
या खोलीत तो माल हाताळलेली मी एकटीच.

मी सांगितलं ते खरंच होतं.
जिमखान्यामागच्या कपाटात त्यांचा एक स्विच आहे,
चोवीस पोर्टांचा.
अकरा वर्षं झाली.
एकदा पाईप फुटून वरून पाणी गळलं,
एकदा पोरांनी आत च्युइंगम कोंबलं.
बिघडतच नाही.

लेनर्डने टेबलावर थाप मारली
आणि वहीत लिहिलं: घ्यावा. बिघडत नाही.
डोरीनने सुस्कारा सोडला
आणि वहीत लिहिलं: विकावा. बिघडत नाही.

माझं एकच वाक्य
दोन वह्यांत दोन दिशांना निघून गेलं
आणि मला दोघांचंही पटलं.

जे सांगितलं नाही ते पर्समध्ये होतं:
चाळीस नव्या स्विचची ऑर्डर, दुसऱ्या कंपनीची,
कॅलिफोर्नियाची, फोनवरून चालवता येतात तसले.
सही आज सकाळचीच.
टॅनब्रूकचा माणूस मागच्या आठवड्यात येऊन गेलेला,
पूल ओलांडून, नमुन्याचं खोकं मांडीवर घेऊन बसलेला.
आमच्यात काय कमी पडलं, विचारलं त्याने.
काहीच नाही, म्हणाले. ते तर आणखीच वाईट.

मतं मोजली. विकावा म्हणणारे दोन,
ठेवावा म्हणणारे चार.
चौथा हात माझा,
सकाळी सही केलेला तोच.

घरी येताना पुलावर गाडी हळू केली.
मेरिमॅक काळी, काठाला बर्फाची साय.
कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
सगळ्या खिडक्या उजळलेल्या.

आज गुरुवार.
झुंबा नसतो.