पुठ्ठ्याचा आवाज

मार्तंड दिघ्याला दिसेनासं झाल्यापासून
दुपारचं जेवण उरकलं की मी रावपुऱ्यातून चालत निघतो,
वाटेत पावशेर लीलो चेवडो घेतो,
त्याच्या झोपाळ्यासमोर खुर्ची ओढतो
आणि त्याला गोष्ट वाचून दाखवतो.

मला वाचता येत नाही, असं त्याचं म्हणणं.
पहिल्याच दिवशी मी अर्धं पान गाळलं:
रूळ, खडी, बाभूळ, केबिनची खिडकी.
म्हटलं, कशाला हवंय, माणूस कधी येतो ते बघू.
"फणशा, मधे काय खाल्लंस?"
"काही नाही. नुसतं वर्णन."
"मग ते आधी ओक."

वाचलं.
दोन मित्र. एक सिग्नलवाला, रानातल्या स्टेशनावर.
दुसरा कधीचाच निघून गेलेला,
पहिल्याच्या चोरीचा आळ अंगावर घेऊन, अवाक्षर न बोलता.
आणि एक कंदील. कंदिलाच्या काचेला तडा,
तड्यावर डकवलेली जुन्या तिकिटाची पट्टी.

"बघ," मार्तंड म्हणाला,
"तडा सांगून ठेवलाय त्यानं.
आता वारा सुटला की माझ्या पोटात गोळा येणार.
तू गाळला असतास तर नुसताच वारा सुटला असता."

तिसऱ्या दिवशी सुटलाच.
खडीवर पावलं वाजली, एक पाय किंचित ओढत.
(ओढता पाय दुसऱ्या पानावर होता. तोही मी गाळणार होतो.)
मार्तंडानं अंगठा टेकून झोपाळा थांबवला.
कडी वाजली.
सिग्नलवाला उठला, कंदील उचलला,
दाराकडे

आणि पुढचं पान नव्हतं.
शिवणीपाशी फाटका काठ, काठावर वाचनालयाचा अर्धा शिक्का,
मग थेट पुठ्ठा.

मी थांबलो नाही.
दार सांगितलं: सागवानी, खालून वाळवीनं खाल्लेलं.
सदऱ्याचं तिसरं बटण सांगितलं,
तुटलेलं, त्या जागी टाचणी.
दारापर्यंत चार पावलं. दर पावलाला मी त्याला
भिंतीवरचं काहीबाही दाखवत राहिलो,
गाड्यांचं वेळापत्रक, खिळ्याला अडकवलेली शिट्टी, पालीची शेपटी.
दार उघडलं तर बाहेरचा माणूस बोलणार,
आणि तो काय बोलेल ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं म्हणजे,
चौऱ्याहत्तर साली प्रतापनगरच्या कचेरीत
ज्या नोंदीपायी मार्तंडाची नोकरी गेली
ती कोणाच्या हातची,
हा विषय आम्ही कधी काढलेला नाही.
पन्नास वर्षं. उत्तरायणं, त्याच्या मुलीचं लग्न, माझी बायपास.
चेवडा मात्र मीच आणतो.

सिग्नलवाला कडीवर हात ठेवून उभा,
मी त्याच्या मनगटावरच्या पांढऱ्या केसांपर्यंत आलेलो,
तेव्हा मार्तंड म्हणाला,
"पान नाहीये ना?"

"कसं कळलं?"
"पान उलटलं की सुरसुरतं. मघाशी धप्प झालं.
पुठ्ठा. वीसेक मिनिटं झाली."
"मग थांबवलं का नाहीस?"
"म्हटलं, उघडतो का बघू."
"कोण, सिग्नलवाला?"

त्यानं झोपाळ्याला पाय दिला. कड्या कुरकुरल्या.
खाली गल्लीत कोणी स्कूटरला किक मारत होतं,
लागत नव्हती.
चेवड्यातले बेदाणे तो बोटांनी निवडतो,
वाटीच्या कडेला लावून ठेवतो,
माझ्यासाठी. दिसत होतं तेव्हापासून.

"काचेला तडा आहे, फणशा," तो म्हणाला.
"आणि वारा आहे. फार वेळ नको लावूस."

मी बेदाणे मोजले.
पाच होते.
एकाला अजून देठ होतं.