फुली

टॉवेलचा भाव मी फोनला एकदाच विचारला,
तोही गिऱ्हाईक म्हणून नव्हे,
तमिळनाडूवाला किती खाली उतरलाय ते बघायला.
त्याला चौदा महिने झाले.
अंघोळीतून पळालेल्या पोरामागे आई धावते
तसा फोन माझ्यामागे टॉवेल घेऊन धावतोय.

साखर पेठेत आठ माग आहेत माझे.
नाकात टॉवेल, कानात टॉवेल,
जेवायला बसलो की शेंगाचटणीवर येऊन बसणारा तंतू
तोही टॉवेलचाच.
आणि हा मला विचारतो,
अजून टॉवेल शोधताय का?

परवा विजेच्या दरवाढीची बातमी वाचत होतो.
युनिटला किती वाढले,
नेमक्या त्या आकड्यावर तो पसरला,
पांढराशुभ्र, परदेशी बाईच्या खांद्यावरून.
कोपऱ्यात फुली होती, तांदळाच्या कणीएवढी.
कांड्या भरभरून माझं बोट चपटं झालेलं,
फुलीवर ठेवलं, पडलं टॉवेलवर.
दुकान उघडलं. या, या, म्हणालं.

राजमणीचं तसं होत नाही.
विडीचं तोंड मुडपणारं नख तिचं,
दिवसाला हजार वेळा तेच काम.
ती न बघता फुली मोडते
आणि पुढच्या पानाला हात घालते.

भाचा साईचरण म्हणाला, मामा, आपणही देऊ.
दिले तीन हजार.
आठवड्याने त्याने कागद वाचावा तसं वाचून दाखवलं:
एकवीस हजार जणांनी पाहिलं,
बोट लावलं एकशे सहा जणांनी.
एकशे सहा!
त्या रात्री माग बंद झाल्यावरही
डोक्यात खटखट चालूच राहिली.
यातले किती माझ्यासारखे,
फुली चुकलेले?

फोन तीन आले.
एक जालन्याचा, काम आहे का म्हणून.
एक कर्ज देणारी मुलगी.
तिसरा नुसता श्वास घेत होता, मग ठेवला.

वैरागचे गोवर्धनशेठ बोट ओलं करून
टॉवेलवर एक थेंब सोडतात,
पितो का बघतात.
दोनदा उठून जातात, चप्पल घालतात,
तिसऱ्यांदा चप्पल काढून बसतात, चहा सांगा म्हणतात.
त्यांना पटवायला मला एकोणीस वर्षं लागली
आणि अजून पुरते पटलेले नाहीत.

एका रात्री माझाच टॉवेल माझ्याच फोनवर आला.
तिसऱ्या मागाचा, पिवळ्या काठाचा,
कडेला एक धागा सुटलेला, मी ओळखला.
बरा दिसत होता. इतका बरा
मी कारखान्यात कधी बघितला नव्हता.
दाबला.
सव्वादोन रुपये गेले, साईचरण म्हणाला,
तुमचेच.

तर लोक यानं काही विकत घेत नाहीत,
हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगितलं असतं
गेल्या शनिवारपर्यंत.

शनिवारी कन्ना चौकात मेडिकलवर गेलो,
राजमणीच्या गुडघ्याला तेल हवं होतं.
कुठलं देऊ, त्याने विचारलं.
आणि माझ्या तोंडातून नाव आलं.
ठणठणीत, पूर्ण नाव, मधला शब्दसुद्धा.
मी ते कधी लावलेलं नाही.
शेजारच्या वडनालांनी सांगितलेलं नाही, डॉक्टरनं नाही.
अशोक चौकापर्यंत आठवत आलो,
हे माझ्यात कुणी ठेवलं?
पिशवीत बाटली गुडघ्याला लागत होती.

कुणी सांगितलं हे, तिने विचारलं.
कुणी नाही, म्हणालो,
आणि ते खोटंही नव्हतं.

गुडघा होता तसाच आहे.
उठताना ती अजून उंबऱ्याला धरते.
काल सुपातली पानं बाजूला सारून
तिने रिकामी बाटली उजेडात धरली,
हलवून बघितली,
म्हणाली, वास बरा आहे.
उद्या तेच आण.