मंगळवारी या

भुयारटोल्याच्या बाजारात, चिवड्याच्या ठेल्यामागं
चिंचेखाली माझी पेटी.
पेटीत सोळा पेचकस, एक चिमटा, पिवळा पडलेला भिंग
आणि लोकांचे फोन, पोट उघडून निजलेले.

काम झालं की गिऱ्हाईक म्हणते,
नंबर द्या जी तुमचा, पुन्हा बिघडला तर?
मी म्हणतो, मंगळवारी या.
आधी हसतात.
मग पाहतात, हा तर हसत नाही.

गुरुजींना कारण सांगतो, डोळे.
सिम विकणाऱ्या पोराला सांगतो, पैसे.
वच्छलेला काहीच सांगत नाही.
तिनं पाहिलंय, त्या वर्षी
बोडीत अंघोळ करतानाही माझा हात
उघड्या मांडीवर खिसा चाचपायचा.

एका पाठीच्या बदल्यात दिला मी तो फोन
कोटगावच्या ताराचंद लोनबलेला.
पाठीचं आता चौथं वेत.
फोनचं काय झालं, माहीत नाही.

पण याला कोणी व्रत म्हणू नये.
नागभीडचा थोरला भाऊ गेला,
तेव्हा सगळ्या सोयऱ्यांना रात्रीच कळलं.
आम्हाला दुसऱ्या दिवशी, एसटीच्या कंडक्टरकडून.
तो म्हणाला, तुम्ही अजून इथंच?
पोचलो तेव्हा सरण निवत आलं होतं.
पुतण्या सरकला बाजूला,
काही बोलला नाही.
तो अजूनही बोलत नाही.

मागच्या मंगळवारी पर्वताबाई बोरुले
फोन घेऊन आली, तांदळाच्या डब्यात पुरलेला.
उन्हाळी धानाच्या रोवण्यात बांधीत पडला म्हणे.
"तीन दिस ठेवला जी, तांदूळ पाणी शोषते म्हणतात."
मी म्हटलं, बाई, तांदूळ पाण्यातच जन्मला,
त्याला या थेंबाचं काय अप्रूप?
ती हसली नाही.
"माया पोराचा फोन येते यात," एवढंच म्हणाली.

घरी नेला. बल्बखाली वाळवला.
चार्जिंगच्या भोकातून चिमट्यानं ओढलं
तर पऱ्ह्याचं मूळ, पांढरं, अजून ओलं.

रात्री साडेनऊला त्याला धुगधुगी आली
आणि तो पाटावर थरथरत सरकू लागला.
एकेचाळीस कॉल हुकलेले.
नावाच्या जागी एक लाल मिरची.
पोरानंच लावून दिली असणार,
मिरची तोडायला खम्ममकडं जाताना,
मायला वाचता येत नाही म्हणून.

तेवढ्यात मिरची वाजू लागली.
लोकांचे फोन मी दुरुस्त करतो, उचलत नाही.
वच्छला म्हणाली, काऊन बसले जी? उचला ना.

"तुझी माय बरी आहे," मी म्हटलं,
"फोन भिजला, माय नाही."
पलीकडं कोणीतरी मटकन खाली बसलं.
मग खोकला. पुष्कळ वेळ नुसता खोकला.
मग म्हणाला, काका, तुमचा नंबर द्या,
मायचा नाही लागला तर...

मंगळवारी या, असं खम्ममला कसं सांगू?

"माझ्याकडं फोन नाही बाबू."
"पण तुमचं दुकान आहे ना? मोबाइलचं?"
"आहे."
त्याच्या मागं कुठंतरी कुकरची शिटी झाली.
माझ्या मागं शेळी उठून पुन्हा बसली.

सकाळी बाजाराची वाट न पाहता सायकल काढली.
सात किलोमीटर, मधे जंगल.
वाघ कुठं दिसला ते हल्ली लोकांना
गटावर आधीच कळते.
मी आपला घंटी वाजवत जातो.

वरच्या खिशात पर्वताबाईचा फोन, गरम.
दोनदा हात तिकडं गेला.
तिसऱ्यांदा मी हँडल घट्ट धरलं
आणि रस्ता मोकळा होता तरी
घंटी वाजवली.