मागील पानावरून

एकशे अकरा दिवसांनी मी गाळ्यावर आले.
तुर्भ्याचा मसाला बाजार, सकाळचे साडेदहा.
मिरचीच्या धुरळ्याने पहिली शिंक आली
आणि टाक्यांनी आतून बजावलं:
सावकाश.

खुर्ची तीच. उशी कुणीतरी पळवलेली.
बटण दाबलं, पंखा घरघरला,
नावाखाली चौकट आली, आणि पडदा
अगदी सभ्यपणे म्हणाला:
तुमचं खातं निष्क्रिय करण्यात आलं आहे.
प्रशासकाशी संपर्क साधा.

प्रशासक म्हणजे मीच होते की रे.
हे मशीन मी बसवलं. 'कर्पे' हे नाव मी घातलं.

केवल, शेठचा भाचा, दारात उभा.
"मावशी, सेफ्टीसाठी केलं. तुम्ही हॉस्पिटलात होतात ना."
मग स्वतःला प्रशासक केलं,
आणि स्वतःचा पासवर्ड विसरला.
चार महिने बिलं हाताने, कार्बन घालून.
खोट नव्हती त्यात. त्याने मला काढलं नव्हतं,
नुसती एका चौकोनात बरोबरची खूण केली होती.
इतकंच लागतं.

एकतीस वर्षं मी खाती लिहिते.
खातं कसं बंद करतात मला विचारा:
बाकी शून्य, खाली दोन रेघा, तारीख, सही.
बुडालेल्या गिऱ्हाइकालासुद्धा आम्ही
दर पाडव्याला नव्या चोपडीत ओढून आणतो,
मागील पानावरून पुढे.
कराडचा एक लवंगवाला असाच अठरा वर्षं ओढला.
एका दुपारी त्याची मुलगी आली,
उभ्या उभ्या सगळे फेडून गेली, चहाही घेतला नाही.
निष्क्रिय हा शब्द आमच्या चोपडीत नाही.

जेवणानंतर घणसोलीहून निहाल मढवी आला.
विशीतला, गळ्यात ताइतासारखा पेन ड्राइव्ह.
मशीन बंद केलं, चालू केलं, मध्येच पुन्हा बंद,
कुठल्याशा मागच्या दाराने आत शिरला
आणि पडदा काळा झाला.
काळ्यावर एक पांढरी रेघ, लुकलुकत.
"घाबरू नका आंटी, ही जुनी स्क्रीन असते."

मी हसले, टाक्यांनी परवानगी दिली तेवढंच.
बाबा रे, मशीद बंदरावरून बाजार इकडे आला
तेव्हा बाहेर खारट माळ, पाचनंतर डास,
आणि पडदा असाच काळा.
चित्रं नव्हती, माऊस नव्हता.
याच अंधारात मी हळदीचे हिशेब केलेत.
सरक जरा.

तो सांगत गेला, मी टाइप करत गेले:
नेट यूजर. जागा सोडा. कर्पे. जागा सोडा.
तिरकी रेघ. अ‍ॅक्टिव्ह. कोलन.
येस.

एंटरवर बोट थांबलं.
चार महिने जो तो विचारत होता,
गाठ सगळी निघाली का, केस परत येतील ना,
आता घरीच बसणार की काय,
आणि मी सगळ्यांना एकच सांगत होते: बघू.
इथे बघू चालत नाही.
"दाबा ना," निहाल म्हणाला.

दाबलं.
काम झाल्याचं त्याने एका ओळीत कळवलं,
कौतुक नाही, चौकशी नाही. बरं वाटलं.

मग पासवर्ड. डोक्यातून साफ गेलेला.
औषधांनी काय काय नेलं, त्यात तोही.
"उडवून टाकू?" "थांब," म्हटलं.
डोळे मिटले आणि बोटांना सोडून दिलं.
ती गेली जिथे रोज जायची तिथे,
शेवटी करंगळी, शिफ्ट धरून.

उघडलं.
अर्धं बिल तसंच, बावीस तारखेचं:
धणे बदामी, सत्तर गोणी,
भावाचा रकाना कोरा.
तेव्हाच फोन वाजला होता, रिपोर्ट आलेत, या म्हणून.

"केवल," मी आत हाक मारली,
"धण्याचा आजचा भाव सांग.
आणि माझी उशी कुठाय?"