गुंतवळ

चौथ्या महिन्यात न्हाणीत पाणी तुंबायला लागलं.
हेरंबनं जाळीचे स्क्रू काढले, आत तार घातली
आणि ओढत राहिला, ओढतच राहिला,
जसं काही खालून कुणीतरी अजून सोडतंय.
मग ते ओलं काळं जनावर
टिश्यूत गुंडाळलं, माझ्याकडे न बघता.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री हाच म्हणाला होता,
तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.
बिचारा.

ग्वेनेथ नर्स म्हणते, हे ठरलेलंच असतं.
होडी बुडेल असं वाटलं
की शरीर आधी नको ते सामान फेकतं.
प्रोटीन घे. लोह घे. धीर घे.
वहीत ‘साठ ग्रॅम’ लिहून त्याखाली दोन रेघा ओढते.
तिचे केस करडे, दाट, रबरात कसेबसे मावलेले.
मी सगळा वेळ तेच बघत असते.

नको ते सामान!
बार्शीच्या घरात माझ्याबद्दल
एवढं एकच चांगलं बोललं जायचं:
केस बाकी काय सुंदर आहेत हो पोरीचे.
त्या ‘बाकी’च्या अलीकडचं सगळं
मी पोळीबरोबर गिळायचे.
दारावर सुया-फण्या विकणारी बाई यायची,
बदल्यात गुंतवळ न्यायची.
आई माझं गुंतवळ कोनाड्यात साठवायची,
त्यावर एकदा तिनं स्टीलची वाटी मिळवली होती.
त्या वाटीत मला दुसऱ्यांदा वरण मिळायचं नाही.

इथे रेक्सहॅमच्या ऑफिसात सगळे म्हणतात,
किती बारीक झालीस!
नजर कमरेवरून कौतुकानं वर चढत येते,
भांगापाशी अडखळते,
आणि मग पावसाबद्दल बोलणं होतं.
आई फोनच्या पडद्यावरून म्हणते, दिवा लाव गं, दिसत नाहीस.
मी खिडकीकडे पाठ करून बसलेली असते, मुद्दाम.

काल रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर
पनीर मोजलं, तीस ग्रॅम. डाळ, चाळीस.
मग ताटली धुऊन, पुसून
दिवसभराचं गुंतवळ ठेवलं.
शून्य.
उचलून पुन्हा ठेवलं.
शून्य.
एक्केचाळीस किलो गेल्याची नोंद आहे सगळीकडे,
ग्वेनेथच्या वहीत, हेरंबच्या फोनमध्ये, माझ्या जुन्या जीन्सला.
याची कुठेच नाही.
मी तिथेच उभी राहून हसले,
मग दोन चमचे डाळ, सावकाश, चावून चावून.

आज सातवा महिना.
तोंड धुताना कपाळाच्या कडेला बोटांना काहीतरी खुपलं.
बोटाच्या पेराएवढे चार-सहा केस,
ताठ उभे, पाण्यानंही न बसणारे.
जावळ, चव्वेचाळिसाव्या वर्षी.
मी हाक मारली. हेरंब धावत आला,
बाथरूमच्या वाफेत अगदी जवळ वाकला.
दिसतंय का?
हो, दिसतंय की, म्हणाला,
चष्मा धुक्यानं पांढरा झालेला.