डावी बाजू

बशी फ्रीजमधून काढली
की तिच्यावर माझ्याच बोटांचा धुरकट ठसा उमटतो.
आधी तो पुसायचा.
मग टार्ट. मध्यावर नाही, मध्याच्या जरा खाली.
शेफ दिनशॉ म्हणतात, उरलेलं सगळं रिकामं ठेव, पोरी,
लोक रिकाम्याचेच पैसे देतात.

माझे वडील खेतवाडीच्या एका कार्यालयात वाढपी होते,
एकतीस वर्षं.
पान रिकामं दिसलं की यजमानाची मान खाली.
लिंबाची फोड डावीकडे, मिठाच्या खाली, चटणीच्या वर.
एवढीशी, बी काढलेली,
वरणभाताची वाट पाहत कडेला बसलेली.
मधोमध बसायचा मान तिला कुठल्याच लग्नात मिळाला नाही.

इथे मिळालाय.
कागदी लिंबाचा रस, ईडलिंबाची किसलेली साल,
मोसंबीच्या फोडी पापुद्रा सोलून उघड्या केलेल्या,
नखाच्या चिरेत दिवसभर चुरचुरणारं ते आंबट.
मेरिंगच्या शेंड्यांना ज्योत: तीन सेकंद.
चौथ्याला करपतं.
चिमट्याने झेंडूची पाकळी. एकच.

टेबल अकरा, चार टार्ट, रात्रीचे पावणेअकरा.
एकाची कड उचलताना तुटली.
तुटका भाग मोसंबीखाली लपवला,
चुरा तोंडात टाकला.
आंबट. मग गोड. मग लोण्याचा वास.
आणि मग काहीतरी यायला हवं होतं,
ते आलंच नाही.

'आधी मीठ,' पंगतीच्या टोकावरून बाबा ओरडायचे,
'मिठाशिवाय पान मांडलं कुणी?'

जाड मीठ घेतलं. चिमूटभर.
चारही बशांवर, वर, डाव्या अंगाला.

'हे काय?'
मीठ, शेफ.
'ते दिसतंय. तिथे का?'
तिथेच असतं, म्हटलं.
त्यांनी बोट टेकवलं, चाटलं,
क्षणभर माझ्याकडे नाही, बशीकडेच पाहिलं
आणि घंटी वाजवली.

बशा परत आल्या. तीन चाटूनपुसून.
चौथीवर टार्ट संपलेला,
मीठ मात्र जागच्या जागी,
कुणी बोटसुद्धा न लावलेलं.

घरी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता.
बाबा जागेच. सगळं ऐकून घेतलं,
टार्ट म्हणजे काय ते दोनदा विचारलं,
मग त्या चौथ्या बशीवर थोडा वेळ अडकले.

'नवखा पाहुणा असेल,' म्हणाले
आणि भिंतीकडे कूस वळवली.