कितपत पिवळं

सव्वाआठच्या बसमधून उतरतात माणसं
काठ्या टकटकवत, कोरे बूट घालून,
सोनं लुटायला.
मेंजिया खिडकीतून मोजते: एकतीस.
म्हणजे सूप पुरणार नाही.

कुणीतरी दरवर्षी विचारतंच,
"ही झाडं वाळली का हो?"
"नाही. झोपायला निघालीत," ती म्हणते,
आणि वरच्या वाटेकडे बोट दाखवते.

बाल्सर शेवटी उतरला, दांडा न सोडता.
या दरीतली निम्मी छपरं त्याची,
लार्चचं लाकूड करवतीनं न कापता
पाचरीनं फोडून शाकारलेली.
(रेषेनं फुटू द्यावं, मग पाणी शिरत नाही.)
आता नजरेच्या मधोमध राखाडी डाग.
कडेकडेचं तेवढं दिसतं.

"पिवळं झालंय?"
"झालंय."
"कितपत?"

चाळीस ऑक्टोबर पाहिले तिनं,
कितपत, असं कुणी विचारलं नव्हतं.
गॅस बंद केला. एप्रन तसाच.
पहिल्या वळणावरच्या लार्चपाशी नेलं त्याला,
फांदी वाकवून गालाला लावली.
मऊ,
वासराच्या कानामागे असतं तसं.

वारा सुटला. सुया झडल्या
त्याच्या कॉलरीत, तिच्या खिशात,
आणि बाल्सर मान वळवून
डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला,
लग्नघरात कुणी चोरून बघावं तसा.
"हं," म्हणाला. "गेल्या वर्षी जास्त होतं."
"गेल्या वर्षी तुम्ही आलाच नव्हतात."
"म्हणून तर."

दुपारी सुपात पिवळी सुई निघाली.
एका बाईनं तक्रार केली.